पानाखालची तीन अक्षरं

चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला 'पालकाची सही घेऊन या' असं कोणी सांगितलं तर त्यानं काय करावं? श्रीकांत अळणावरकर सरांनी सही बायकोची आणली. हुबळीच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमधल्या कारकुनानं अर्ज उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "सर, कॉम्प्युटरात वडील, आई, काका, आजोबा एवढंच येतंय. पत्नी येतच नाही. एन माडोदु?" काय करायचं म्हणून तो आपला सरांकडंच बघत बसला. मागं अठरा-अठरा वर्षांच्या पोरांची रांग. सर घाईनं म्हणाले, "घाला काहीतरी." त्यानं काका घातलं. त्या इन्स्टिट्यूटच्या दप्तरी अनसूयाबाई आजही सरांचे काका आहेत.

एवढं करून कोर्स कसला, तर वेब डेव्हलपरचा. साल दोन हजार दोन. तोवर सरांनी वेबसाइट एकदाच बघितली होती, तीही दुसऱ्याच्या खांद्यावरून.

पण सरांचा इलाज नव्हता. धारवाडच्या माळमड्डीत त्यांची श्रीवाणी टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट. अकरा मशिनं, अकरा स्टुलं, भिंतीवर बोटांचा तक्ता. एके काळी सकाळी सहाच्या बॅचला जागा मिळायला वशिला लागायचा. आता त्या अकरा मशिनांवर तीन विद्यार्थी उरले होते, आणि त्यातला एक लग्न ठरेपर्यंत वेळ काढायला येत होता. अनसूयाबाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या, त्यावर घर चालायचं. तशात त्यांच्या भावाचं, गुरुप्रसादचं, दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. तो चांगल्या मनानं म्हणाला, "भावोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्या गादीवर येऊन बसा. घरचाच माणूस हवाय मला." वाईट काहीच नव्हतं हो त्यात. पण बावीस वर्षं ज्याला सगळं गाव 'सर' म्हणालं, त्यानं 'मावशी, ही नेसून बघा, काठ सुटणार नाही' असं म्हणायचं, या कल्पनेनंच सर जेवता जेवता ताटावरून उठायचे. त्यांनी बायकोकडून मुदत मागून घेतली. दसऱ्यापर्यंत दुसरं काही जमलं तर जमलं, नाहीतर गादी.

वेब डेव्हलपर हा शब्द शेजारच्या मुकुंदरावांनी आणला. मुकुंदराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळ्या विषयांतलं कळायचं आणि कुठल्याही विषयातलं काम पडायचं नाही. "अहो सर, पुढचा जमाना वेबचा. टायपिंग येतंय की तुम्हाला? मग झालं की! सगळं टायपिंगच असतंय ते. वर थोडं इंग्रजी." हा एवढा सल्ला देऊन ते चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी वेब म्हणजे काय असतं असं सरांना विचारलं.

अर्जाला शाळा सोडल्याचा दाखला लागत होता. सरांचा दाखला अळणावरच्या शाळेत. म्हणून अळणावर गाडीनं गेले. तिथले कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, "मुलाचं नाव?"

"श्रीकांत गोविंद अळणावरकर."

"मुलाला घेऊन यायचं होतं की हो. सही लागते."

"मीच तो मुलगा," सर म्हणाले.

कारकुनानं मुलाला आपादमस्तक न्याहाळलं, विशेषतः टकलाकडं. मग रजिस्टर काढायला गडी नाही, उद्या या, असं सांगितलं. सर तीनदा अळणावरला गेले. तिसऱ्यांदा दाखला मिळाला तेव्हा त्यावर शेरा होता, 'वर्तणूक चांगली. पुढील शिक्षणासाठी शाळा सोडली.' सरांनी तो परतीच्या गाडीत चारदा वाचला. अठ्ठावीस वर्षांनी का होईना, शाळेचा शब्द खरा करायला ते निघाले होते, याचं त्यांना बरंही वाटलं.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले आणि पाय जागच्या जागी थांबले. फळ्यापाशी निवेदिता उभी. ही त्यांची विद्यार्थिनी. बोटांकडं बघून टाइप करते म्हणून सरांनी हिच्या हातांवर वर्षभर फडकं टाकलेलं. श्रीवाणीत नियमच तसा होता: कीबोर्डाकडं बघायचं नाही, आणि कागदावर एक जरी चूक असली तरी सर लाल पेन्सिलीनं कोपऱ्यात 'पुन्हा' असं लिहिणार. दयामाया नाही. निवेदितानं त्या 'पुन्हा'चे कागद पोतंभर साठवले असतील.

ती धावत पुढं आली. "सर, तुम्ही? बसा ना सर."

"आधी तुम्ही बसा, मॅडम."

"सर, मॅडम काय म्हणताय! तुम्ही बसा."

"गुरूच्या आधी शिष्यानं बसायचं नसतंय."

"म्हणून तर म्हणतेय सर, बसा!"

पाच मिनिटं दोघंही उभे, वर्गही उभा. शेवटी वीज गेली आणि अंधारात सगळे बसले.

टायपिंगचं मुकुंदरावांनी सांगितलं होतं ते निम्मं खरं निघालं. सरांची दहा बोटं कीबोर्डावर पडली की वर्गातली पोरं माना वळवून बघायची. पण ओळ संपली की सरांचा डावा हात आपोआप वर उठून मशिनचा दांडा ढकलायला जायचा. कॉम्प्युटरला दांडा कुठला? तो हात शेजारी बसलेल्या मुलाच्या कानावर बसायचा. चौथ्या दिवसापासून त्यांच्या डावीकडं कोणी बसेना. आणि माउस! बोटं ए-एस-डी-एफवरून उचलायची नाहीत हे ज्यानं बावीस वर्षं शिकवलं, त्यानं एक हात उचलून त्या उंदरावर ठेवायचा, म्हणजे सोवळ्यात उठून रस्त्यावर जाण्यासारखं. सर हात उचलायचे, पण तोंड वाकडं करून.

सगळ्यात मोठा अपमान झाला तो मथळ्याचा. कागदावर मथळा मधोमध आणायचा तर टायपिस्ट अक्षरं मोजतो, ओळीच्या लांबीतून वजा करतो, निम्मं करतो आणि तेवढ्या जागा सोडतो. सरांचा हिशेब डोळे मिटून व्हायचा. त्यांनी तेवीस जागा मोजून सोडल्या, आणि पडद्यावर मथळा डावीकडं भिंतीला टेकून बसलेला.

"मॅडम, माझ्या तेवीस जागा कुठं गेल्या?"

"सर, ब्राउझर जास्तीच्या जागा खातो. एकच ठेवतो."

"मी दिलेल्या जागा खाणारा हा कोण?"

निवेदितानं त्यांना एक छोटीशी आज्ञा लिहून दाखवली. ती लिहिली की मथळा आपला आपण मधोमध येऊन बसला, न मोजता. बावीस वर्षं मोजलेलं सगळं एका शब्दानं फुकट गेलं, आणि त्यांना वाईट वाटलं. निवेदिताच्या ते लक्षात आलं असावं. ती हळूच म्हणाली, "पण सर, ही एवढी मुलं आहेत ना, आज्ञा उघडतात आणि बंद करायला विसरतात. तुमचं पान पहिल्या झटक्यात चाललं. एक चूक नाही." सरांनी मान खाली घातली. पोरगी शिकवायला चांगली होती, आणि ती कोणाच्या हातावर फडकं टाकत नव्हती, हे त्यांनी त्या दिवशी घरी जाऊन अनसूयाबाईंना सांगितलं.

कोर्स संपला, प्रमाणपत्र मिळालं, त्यात नाव 'श्रीकांता' असं मुलीचं छापलं होतं. ते सुधारून घेण्याची कहाणी मी सांगत नाही, कारण ते अजून सुधारलेलं नाही. प्रश्न होता कामाचा. पंचेचाळिशीला टेकलेल्या नवशिक्याला काम कोण देणार? हुबळीतल्या दोन ठिकाणी सर मुलाखतीला गेले. दोन्हीकडं त्यांना उमेदवाराचे वडील समजून बाहेर बसवून पाणी दिलं. शेवटी काम आलं ते नागोजींकडून. नागोजी पवारांचा हुबळीत गोकुळ रोडला व्हॉल्व्हचा छोटा कारखाना. बंगळूरच्या एका पंपाच्या कंपनीनं त्यांना पत्र पाठवून विचारलं होतं की तुमची वेबसाइट असल्यास पत्ता कळवावा. नागोजींनी गावभर विचारलं की वेबसाइट कुठं मिळते. मुकुंदरावांनी बोट दाखवलं ते सरांच्या घराकडं, आणि यासाठी सर त्यांचे जन्मभर ऋणी राहिले.

"सर, सोमवारी त्यांना पत्ता जायला पाहिजे बघा," नागोजी म्हणाले. "ही ऑर्डर आली तर माझ्या पंधरा माणसांची दिवाळी. पण आमच्या वडिलांचा, बाबाजींचा फोटो वर पाहिजे, हार घातलेला. आणि मला लुकलुकणारा दिवा पाहिजे दोन्ही बाजूंनी."

निवेदितानं इन्स्टिट्यूटमधला एक कॉम्प्युटर दिला आणि सर कामाला लागले. चौदा पानं. गल्लीतल्या प्रत्येकानं येऊन सल्ला दिला. मुकुंदराव म्हणाले, वर 'श्री' पाहिजे आणि अक्षरं पळती पाहिजेत. पळत नसतील तर लोक वाचत नाहीत. तिसऱ्या घरच्या जयलक्ष्मीअक्कांनी पार्श्वभूमीला जांभळा रंग सुचवला, त्यांच्या सुनेच्या साडीचा. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि फक्त बाबाजींचा फोटो, 'श्री' आणि दिवे घेतले.

आणि प्रत्येक पानाखाली, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत त्यांनी एक गोष्ट घातली: एनबीपी, तिरकी रेघ, एसजीए. जुन्या टायपिस्टांची ही रीत. मजकूर सांगणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं आधी, टाइप करणाऱ्याची नंतर. पत्रात चूक निघाली तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. श्रीवाणीत हा शेवटचा धडा असायचा. सर सांगायचे, "तीन अक्षरं खाली टाकलीत म्हणजे वरच्या प्रत्येक अक्षराचे जामीन तुम्ही."

निवेदिता म्हणाली, "सर, वेबसाइटवर असं कोणी घालत नाही. लोक हसतील."

नागोजी तर रागावलेच. "माझ्या फॅक्टरीच्या पाटीखाली तुमचं नाव कशाला, सर?"

"नाव नाही हो. जामीन आहे तो," सर म्हणाले. अक्षरं काढली नाहीत. असल्या बाबतीत ते भारी हट्टी.

शनिवारी दुपारी सर ती वेबसाइट फ्लॉपीत घालून, फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून, खिशावर हात ठेवून बसनं गोकुळ रोडला आले. नागोजींच्या अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवर दाखवायची, होकार घ्यायचा आणि मग सायबर कॅफेतून इंटरनेटवर चढवायची. नागोजींनी आदरानं फ्लॉपी दोन्ही हातांनी घेतली. "आधी चहा, सर. पोहे केलेत." फ्लॉपी मात्र सुरक्षित जागी ठेवायला हवी. कारखान्यात सगळीकडं तेल, सगळीकडं लोखंडाचा कीस. नागोजींनी इकडं तिकडं बघितलं आणि कारखान्यातली सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात सपाट, रोज पुसली जाणारी जागा शोधून तिथं ती ठेवली. फ्लॉपी टक्कन चिकटली.

"बघा," नागोजी शेजारच्या कामगाराला कौतुकानं म्हणाले, "वाऱ्यानं पण उडणार नाही."

ते ग्राइंडिंग मशिनचं चुंबकाचं टेबल होतं. लोखंडाचा जड तुकडा घासताना हलू नये म्हणून धरून ठेवणारं. फ्लॉपीतली अक्षरं चुंबकाला किती भितात हे सरांना पाठ होतं; परीक्षेत आलेला प्रश्न होता तो. पण सर तेव्हा आत पोहे खात होते.

अर्ध्या तासानं अकाउंटंटनं फ्लॉपी घातली. कॉम्प्युटर बराच वेळ कुरकुरला आणि म्हणाला, यात काही नाही, नव्यानं तयार करू का? इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवरची प्रत? तिथं व्हायरसच्या भीतीनं दर शनिवारी सकाळी सगळं पुसून काढायची पद्धत. झालं! नागोजी मटकन खाली बसले. "माझ्या हातानं केलं मी, सर. अय्यो, पंधरा माणसं..." सरांना डोळ्यांपुढं दाजीबानपेठ दिसली, गादी दिसली, आणि हातात एक मापाची पट्टी.

आणि मग त्यांना फाइल आठवली. श्रीवाणीतून ऑफिस कॉपी ठेवल्याशिवाय एकही कागद कधी बाहेर गेला नव्हता. सरांनी चौदाच्या चौदा पानांच्या आज्ञा कागदावर छापून, भोकं पाडून, दोरीनं बांधून कपाटात ठेवल्या होत्या. निवेदिता तेव्हा पोट धरून हसली होती. वेबसाइट कोणी कागदावर ठेवतं का, सर!

रविवारी सकाळी सर हुबळीच्या सायबर कॅफेत ती फाइल घेऊन बसले. शेजारी नागोजी, बाबाजींचा फोटो छातीशी धरून, पुन्हा स्कॅन करायला. निवेदिताही आली, सुट्टी असून. तिनं विचारलं, "सर, अर्धी मी घेऊ?"

"तुम्ही वाचून तपासा, मॅडम. हात माझे."

सरांनी फाइल डावीकडं उभी केली, पाठ ताठ केली आणि सुरू केलं. डोळे कागदावर, बोटं कीबोर्डावर. काय तो आवाज! कॅफेत खेळ खेळणारी पोरं खेळ सोडून मागं येऊन उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, "बघा रे, अंकल बघतच नाहीत!" ओळ संपली की डावा हात उठायचा, तिथं नागोजी होते, त्यांनी सहा तास मार खाल्ला आणि एकदाही हूं केलं नाही. तेराव्या पानाशी निवेदिता हळूच म्हणाली, "सर, उशीर होतोय. खालची तीन अक्षरं राहू द्या ना." सरांनी तिच्याकडं नुसतं बघितलं. तिनं मुकाट्यानं मान खाली घातली, फडक्याच्या दिवसांसारखी.

संध्याकाळी वेबसाइट चढली. बाबाजी दोन दिव्यांच्या मधोमध प्रसन्न दिसत होते. सोमवारी पत्ता बंगळूरला गेला.

आणि मग काहीच झालं नाही. एक आठवडा, दोन आठवडे. पितृपंधरवडा गेला, नवरात्र बसलं. नागोजी रस्त्यात भेटले की वर आभाळाकडं बघायचे. मुकुंदराव म्हणाले, "अक्षरं पळती नाहीत, दुसरं काय!" खंडेनवमीला सरांनी नेहमीसारखी अकराही मशिनं पुसली, तेल घातलं, हळदकुंकू लावलं, शेवंती वाहिली. ही शेवटची पूजा हे घरात दोघांनाही ठाऊक होतं. मशिनांसाठी भंगारवाला दसऱ्यानंतर येणार होता. अनसूयाबाईंनी नारळ पुढं केला तेव्हा सर म्हणाले, "फार दिलं हो या मशिनांनी. तुमची माझी गाठ पण यांच्याच कागदांवर पडली." त्या काळी अनसूयाबाई सकाळच्या बॅचला होत्या. त्यांनी पदरानं एका मशिनची न बसलेली धूळ पुसली आणि म्हणाल्या, "मला पण 'पुन्हा'च लिहिलंत की, सोळा वेळा."

इतक्यात दारात स्कूटर थांबली. नागोजी, अंगावर कारखान्यातल्या पूजेचा गुलाल, हातात छापलेला एक कागद.

"सर, व्हॉल्व्हची ऑर्डर आली. छोटी आहे, पण आली. पण हे पत्र माझं नाही, तुमचं आहे. मला नीट कळेना, म्हणून तसाच आलो."

पत्र इंग्रजीत होतं. बंगळूरच्या त्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख, कोणी श्रीनिधी कट्टी. सरांनी चष्मा लावला. पत्रात असं होतं:

"सर, आमच्याकडं रोज वीस कारखान्यांच्या वेबसाइट येतात. परवा एका व्हॉल्व्हवाल्यांची उघडली. दिवे लुकलुकत होते म्हणून आम्ही सगळे हसायला जमलो. मी सवयीनं आतल्या आज्ञा उघडून बघितल्या. चौदा पानं, आणि एक चूक नाही. प्रत्येक ओळ सारखी आत घेतलेली, जशी टाइपरायटरवर घेतात. मग खाली तीन अक्षरं दिसली. सर, अशी अक्षरं वेबसाइटखाली घालणारा माणूस भारतात एकच असणार. मी श्रीवाणीत सन एकोणनव्वदला संध्याकाळच्या बॅचला होतो, खिडकीजवळचं सात नंबरचं मशिन. तुम्ही माझ्या एकाही कागदावर कधी 'पास' लिहिलं नाहीत. तेव्हा मी तुम्हाला फार शिव्या दिल्या. पण आज मी जिथं आहे तिथं, स्वतःचा कागद पाठवण्याआधी पुन्हा बघतो म्हणून आहे. आमचा जुना सगळा कॅटलॉग वेबवर न्यायचाय, हजारो पानं. घाईत चुका करणारे हुशार लोक माझ्याकडं भरपूर आहेत. मला चुका न करणारा माणूस पाहिजे. धारवाडमध्ये बसून करा, तुमच्या मशिनांच्या जागी कॉम्प्युटर मांडून. दोन-तीन माणसं तुम्हीच शिकवून तयार करा. त्यांच्या हातांवर फडकं टाका. नाही म्हणू नका.

ता.क. हे पत्र मी कीबोर्डाकडं न बघता टाइप केलंय."

आणि खाली, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत: एसके, तिरकी रेघ, एसके.

सरांनी कागद पुढं केला. अनसूयाबाईंनी पत्र घेऊन वाचलं आणि त्या रडल्याच, सरळ, मोठ्यानं. नागोजी घाबरले. "वाईट आहे काय, वहिनी?"

"भाळ छलो आहे हो, नागोजी. फार चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "गुरुप्रसादला फोन करून सांगायचंय, गादीवर दुसरा माणूस बघ. आणि त्या भंगारवाल्याला पण. सात नंबरचं मशिन मी देणार नाही." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि रडता रडता हसू आलं. "आणि त्या इन्स्टिट्यूटमधल्या निवेदिताला सांगा. म्हणावं, काकांनी पेढे ठेवलेत."

सर मात्र पत्र घेऊन टेबलाशी बसले होते. खणातून त्यांनी लाल पेन्सिल काढली, टोक केलं, आणि ओळीखाली ओळ बोट फिरवत पत्र पहिल्यापासून वाचलं. सवय ती सवय. दोन चुका निघाल्या. एके ठिकाणी एक अक्षर राहिलं होतं, एके ठिकाणी स्वल्पविरामानंतर जागा नव्हती. सरांनी दोन्हींखाली रेघ मारली. पेन्सिल कोपऱ्याकडं गेली, 'पु' काढण्यापुरती टेकलीसुद्धा. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला, आणि दोन चुका असलेल्या कागदावर बावीस वर्षांत पहिल्यांदाच लिहिलं, 'पास'.

खाली त्यांनी आपली तीन अक्षरं टाकली.